शाळेचे तंबोरे मिरजेत दुरुस्त करून घेतले, त्याचा अनुभव

ज्या शाळांत वाद्यं कपाटावर धूळ खात पडली आहेत आणि माजी विद्यार्थी 'शाळेला काहीतरी देऊ या' म्हणत आहेत, अशा शाळांसाठी हे लिहिते आहे. नवीन काही घेण्याआधी जुनी वाद्यं मिरजेला घेऊन जा. आमच्या शाळेचे दोन तंबोरे आणि दोन पेट्या (हार्मोनियम) तिथल्या कारागिरांनी अशा करून दिल्या की मला त्याबद्दल सविस्तर सांगावंसं वाटतं. चांगलं काय झालं तेही आणि कशाचा त्रास झाला तेही.

मी सांगली जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेच्या संगीत निधीची खजिनदार आहे. स्वतः त्याच शाळेत शिकले, आता माझी मुलगी तिथे नववीत आहे. शाळेत गायनाचे सर आहेत, पण ते मानधनावर. वेतनेतर अनुदान वीजबिल, खडू आणि किरकोळ डागडुजीतच संपतं, त्यातून वाद्यांना काही उरत नाही. त्यामुळे मुलं प्रार्थना म्हणायची ती एका छोट्या इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्यावर, आणि त्याचा स्पीकर फाटलेला. खरे तंबोरे होते की! एक पुरुषी, म्हणजे मोठा आणि खालच्या पट्टीचा, एक जनानी, म्हणजे लहान आणि वरच्या पट्टीचा. माझ्या आईच्या पिढीत गावच्या भजनी मंडळाने शाळेला दिलेले. जनानी तंबोऱ्याच्या भोपळ्याला तडा गेला होता, पुरुषी तंबोऱ्याची दांडी भोपळ्याशी जिथे जोडतात तिथे सैल होऊन पुढे झुकली होती. एका पेटीचा भाता उंदरांनी कुरतडलेला. दुसरी वाजायची, पण मध्यातले तीन सूर दाबले की नुसती हवा यायची.

पैसे कसे उभे राहिले ते आधी सांगते, कारण कारागिराकडे जाण्याआधीची खरी लढाई तीच असते.

आमच्या भागातली निम्मी घरं गलाईच्या धंद्यावर उभी आहेत. सोनं-चांदी गाळायला गेलेली आमची माणसं देशभर पसरलेली आहेत. खानापूर, आटपाडी, तासगावकडचा माणूस भेटत नाही असा सराफ बाजार विरळाच. ही माणसं गावच्या देवळाला, शाळेला हात आखडता घेत नाहीत. कोइमतूरहून, कोलकात्याहून फोन आले, 'ताई, किती पाहिजेत ते सांगा.' पण जवळजवळ प्रत्येकाचा पुढचा प्रश्न होता, 'त्यातून काय घेणार?' दुरुस्ती म्हटलं की आवाज थंड व्हायचा. कीबोर्ड घ्या, मोठे स्पीकर घ्या, डिजिटल संगीत कक्ष करा, त्यावर आईवडिलांच्या नावाची पाटी लावा. यात त्यांचं काही चुकीचं आहे असं मला वाटत नाही. माणूस परमुलखात राबतो, त्याला आपलं देणं डोळ्यांना दिसावं असं वाटणारच. पण तंबोऱ्याच्या तारांवर पाटी लावता येत नाही आणि शाळेचं गाणं तर तारांवाचूनच अडतं.

बैठकीत एका ज्येष्ठांनी सरळ विचारलं, 'गाण्यासाठी वर्गणी? सरकारने द्यावं, नाहीतर राहू द्या.' त्यावर आमच्या गायनाच्या सरांनी दिलेलं उत्तर मला फार आवडलं. ते म्हणाले, गाणं शाळेत आलं तेच मुळी लोकांच्या पैशातून. गवई विष्णु दिगंबर पलुस्करांचं मूळ आडनाव गाडगीळ, पलूस गावावरून पलुस्कर. पलूस आपल्याच जिल्ह्यातलं. ते शिकले मिरजेला, बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे. १९०१ साली त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, ते कुणा राजाच्या खजिन्यातून नाही. लोकांच्या देणग्या आणि स्वतःच्या मैफलींचं उत्पन्न यावर ते चाललं. तोवर गाणं शिकायचं तर गुरूच्या घरी राहायचं नाहीतर दरबाराच्या आश्रयाने. सामान्य घरातल्या पोराला फी भरून वर्गात बसून शिकता येईल ही सोय त्यांनी केली आणि त्यापायी कर्जही डोक्यावर घेतलं. मुंबईतली विद्यालयाची इमारत त्या कर्जातच गेली. आज आपली मुलं प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमाच्या ज्या परीक्षा देतात आणि दहावीला ज्यांचे वाढीव गुण धरतात, त्या परीक्षांची मुळं त्यांच्याच कामात आहेत. 'मग आपण तारांचे पैसे दिले तर काय मोठं?' असं सर म्हणाले, आणि ते ज्येष्ठ खिशात हात घालून उठले. पहिली पावती त्यांच्याच नावाची फाडली.

बाकीचे पैसे गावातून आले. द्राक्ष बागायतदारांनी पैशाऐवजी बेदाणा दिला. कुणी दोन किलो, कुणी पंधरा किलोची पेटीच. आमच्या बचत गटाने तो निवडून, पाव आणि अर्ध्या किलोची पाकिटं करून दिवाळीत विकला. पाकिटावर 'शाळेच्या तंबोऱ्यासाठी' असा शिक्का होता आणि मला खात्री आहे की निम्मी पाकिटं त्या शिक्क्यामुळे खपली. गणपतीत दोन मंडळांनी एका दिवसाचा साउंड सिस्टिमचा खर्च वाचवून निधीला दिला, त्याबद्दल त्या पोरांचं जाहीर कौतुक. पावतीबाबत एक कामाची गोष्ट: तुमच्या संस्थेला ८०जी (देणगीदाराला प्राप्तिकरात सवलत मिळवून देणारी मान्यता) असेल तर मोठी देणगी चेकने किंवा यूपीआयनेच घ्या. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला देणाऱ्याला करसवलत मिळत नाही, आणि मार्चमध्ये तो तुम्हालाच फोन करतो.

आता मिरज. सतारमेकर गल्लीत मी एका दुकानाचं नाव घेत नाही, कारण आमचं काम वेगवेगळ्या घरांत झालं. भोपळा आणि दांडीचं एकीकडे, जवारी (घोडी घासून तारेचा झंकार जुळवणं) दुसऱ्या हाताखाली, पेट्या तिसरीकडे. तिथली रीतच तशी आहे. एक जण दुसऱ्याकडे पाठवतो, 'पेटीचं काम आमचं नाही, त्यांच्याकडे जा' असं मोकळेपणाने सांगतो. स्वतःला न येणारं काम धरून ठेवणारा कुणी भेटला नाही. विकत घ्यायला येणाऱ्या बाहेरगावच्या गवयाइतकाच वेळ त्यांनी आम्हाला दिला, आणि आम्ही काय घेऊन गेलो होतो? धुळीने माखलेली शाळेची चार वाद्यं.

या गल्लीचा इतिहास ऐकण्यासारखा आहे. साधारण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात इथल्या शिकलगार घराण्यांनी हत्यारांचं काम सोडून वाद्यं घडवायला सुरुवात केली, त्यात फरीदसाहेबांचं नाव पहिलं घेतात. हत्याराला धार लावणारा हात तारेच्या खालच्या घोडीला घासू लागला. पिढ्यान्‌पिढ्या तेच काम चालू आहे. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. ज्यांना नवीन तंबोरा घ्यायचा आहे त्यांच्यासाठी हे महत्त्वाचं, कारण 'मिरजेचा' म्हणून कुठलाही माल विकला जातो. प्रत्यक्ष गल्लीत जाऊन, घडवणाऱ्याच्या हातून घ्या.

ज्या चाचांनी आमचे तंबोरे पाहिले, ते आधी काहीच बोलले नाहीत. जनानी तंबोऱ्याच्या भोपळ्यावर बोटाच्या पेराने ठिकठिकाणी वाजवून पाहिलं, तड्याच्या दोन्ही बाजूंना कान लावला. मग म्हणाले, 'भोपळा चांगला आहे. आता असा जाड मिळायला वेळ लागतो.' हे भोपळे पंढरपूर-सोलापूरकडून येतात. खाण्याचे नव्हेत, वाद्यासाठीच पिकवलेले, जाड सालीचे. ते कित्येक महिने वाळवावे लागतात. दांडी आणि तबली (भोपळ्यावरचं लाकडी झाकण) तुनाच्या लाकडाची. चाचांचं म्हणणं असं की जुन्या तंबोऱ्याचं लाकूड आणि भोपळा इतक्या वर्षांत पूर्ण वाळून बसलेले असतात, त्यामुळे तो नीट केला तर नव्यापेक्षा उजवा बोलतो. विकण्यात त्यांचा जास्त फायदा होता. नवीन जनानी तंबोरा त्यांच्याकडे पंचवीस हजारांच्या पुढे होता. तरी त्यांनी दुरुस्तीच सुचवली. माझ्या मनात त्यांची जागा तिथेच पक्की झाली.

तड्याला आतून कापड आणि सरसाचा थर देऊन, वरून भुसा-सरस भरून, घासून पॉलिश केलं. कुठे तडा होता हे आता माहीत असल्याशिवाय सापडत नाही. पुरुषी तंबोऱ्याचा सांधा पूर्ण उकलून पुन्हा बसवला. दोघांच्या खुंट्या नव्याने घासून भोकांत नीट बसवल्या, तारा बदलल्या. आणि मग जवारी.

जवारी काढताना मी आणि आमच्या शाळेच्या काही मुली बसून होतो. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा सपाट दिसतो, पण तो सपाट नसतो. त्याला अगदी हलका उतार असतो. तार त्या उतारावरून जाताना त्याला हलकेच घासत राहते आणि त्यातूनच तो झंकार उठतो. वर्षानुवर्षं वाजून तारेने घोडीत खाचा पाडल्या की आवाज बसतो, ठक्‌ठक्‌ येतो. कारागीर कानसीने जराशी घासतो, तार चढवतो, ऐकतो, तार उतरवतो, पुन्हा घासतो. घाई अजिबात नाही. शेवटी तारेखाली सुती दोरा सरकवत सरकवत तो नेमक्या जागी आणला आणि एकदम तंबोरा उघडला. ज्या मुलींनी आजवर फक्त इलेक्ट्रॉनिक नाहीतर फोनवरचा तंबोरा ऐकला होता, त्यांच्यातली एक म्हणाली, 'यात अजून कोणतरी गातंय.' चाचा हसले. खर्जाच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या 'सा'च्या, तारेतून गंधार ('ग') ऐकू येतो, कुणी न लावलेला. त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. आमचे सर तीन वर्षं फळ्यावर लिहून जे शिकवत होते, ते त्या मुलीने तिथे स्वतःच्या कानाने ऐकलं. माझ्या मते सगळ्या वर्गणीचे पैसे त्या दुपारी वसूल झाले.

इलेक्ट्रॉनिक तंबोरा किंवा फोनवरचं ॲप वाईट आहे असं मी म्हणणार नाही. माझी मुलगी घरी त्यावरच रियाज करते, एसटीतून वाद्य नेणं तिला कसं जमणार? पण वर्गात पन्नास मुलांनी एकत्र 'सा' लावायचा असेल, तर समोर कुणीतरी तंबोरा छेडत बसलेलं असणं वेगळं. छेडणाऱ्याला ऐकावं लागतं, गाणाऱ्यांना त्याच्या बोटांकडे बघावं लागतं. आणि दोन तंबोरे असल्याचा आणखी एक उपयोग आम्हाला नंतर कळला. आठवी-नववीत मुलांचा आवाज फुटतो. मुली काळी चारला (पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीला 'सा' धरून) गातात, त्या पट्टीत ही मुलं ओरडतात नाहीतर गप्प बसतात, आणि गप्प बसलेला मुलगा पुन्हा गायला येत नाही. आता सर पुरुषी तंबोरा काळी एकला लावून त्यांना वेगळं बसवतात. गेल्या वर्षी गाणं सोडलेली दोन मुलं परत आली आहेत.

पेट्यांचं काम तितकंच चोख, पण त्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. भाता नवा, न वाजणारे सूर (आतल्या धातूच्या पट्ट्या) साफ करून पुन्हा लावले, एक अगदीच गंजलेला होता तो बदलला. खर्ज-नर (खालचा आणि मधला आवाज) अशा सुरांच्या दोन ओळींची पेटी आता भरून वाजते. दोन्ही पेट्यांना मिळून साडेसात हजार आणि तंबोऱ्यांना मिळून अकरा हजारांच्या आसपास खर्च आला. एका बऱ्या नव्या पेटीच्या पैशात आमची चारही वाद्यं उभी राहिली.

आता तक्रारी. दिलेली तारीख पाळली गेली नाही, पुष्कळ पुढे गेली. कारण खरं होतं. पावसाळ्यात लाखेचं पॉलिश हवेतल्या ओलीने पांढुरकं पडतं, म्हणून ते उघडीप बघून करतात. पण हे आधी सांगितलं असतं तर आम्ही पंधरा ऑगस्टच्या कार्यक्रमात तंबोरे धरले नसते. काम मार्च-एप्रिलमध्ये द्या, जूनला शाळा उघडायच्या आत हातात पडतं. दुसरं, एका ठिकाणी साध्या वहीच्या कागदावर रक्कम लिहून दिली. आपल्या घरचं काम असतं तर चाललं असतं, पण लोकवर्गणीचा हिशेब ऑडिटला द्यायचा असतो, वार्षिक सभेत वाचायचा असतो. मी थांबून राहिले आणि नाव, तारीख, कामाचा तपशील असलेलं बिल करून घेतलं. त्यांनी दिलं, कुरकुर केली नाही, पण मागावं लागलं. ज्यांच्याकडे हिशेबाची जबाबदारी आहे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवावं. तिसरं म्हणजे बांधणी. तंबोऱ्याला गवसणी (कापडी खोळ) द्या म्हटलं तर त्यांच्याकडची पातळ होती. आमच्या बचत गटातल्या बायकांनी जुन्या गोधड्यांचं अस्तर लावून जाड गवसण्या शिवल्या आणि त्याच घालून वाद्यं आणली. टेम्पोत आडवा टाकलेला तंबोरा पुन्हा सांध्यात ढिला होतो. भोपळ्याखाली टायरची ट्यूब ठेवा आणि तारा उतरवून आणा.

जाताना चाचांनी मुलींना ज्या गोष्टी दाखवल्या त्या आता संगीताच्या खोलीत मोठ्या अक्षरांत लावल्या आहेत. खुंटी सरकत असेल तर खडू लावायचा, तेल कधीच नाही. घोडीजवळचे मणी खाली-वर करून बारीक सूर लावायचा, प्रत्येक वेळी खुंटी पिळायची नाही. जवारीचा दोरा हरवला तर कुठलाही सुती धागा चालतो, नायलॉन नको. भिंतीला टेकवून ठेवायचा नाही, खिडकीच्या उन्हात तर नाहीच. नववीच्या मुली आळीपाळीने हे बघतात. त्यांच्या हातात वाद्य दिल्यापासून खोलीतला उंदीरही गेला, कारण खोली रोज उघडते.

निधीतून उरलेल्या पैशांचं काय केलं हे सांगणं मला सगळ्यात गरजेचं वाटतं. आम्ही नवीन काही घेतलं नाही. त्याची मुदत ठेव केली आणि व्याज फक्त तारा, तबल्याच्या पुड्या (वरची कातडी), सूर लावणं आणि सरांच्या परीक्षाकेंद्राला जाण्यायेण्याच्या खर्चासाठी ठेवलं. तारांचा संच दोन-तीनशे रुपयांत येतो, तरी तो आणायला पैसे नसल्यामुळेच आमचे तंबोरे इतकी वर्षं मुके होते. ज्या गलाई बांधवांना पाटी हवी होती त्यांना एक वेगळी गोष्ट सुचवली. एकेका वर्षाची देखभाल एकेकाच्या आईवडिलांच्या स्मरणार्थ. वर्षाच्या सुरुवातीला मुलं त्यांचं नाव घेऊन पहिला 'सा' लावतात आणि त्याचं रेकॉर्डिंग त्यांना पाठवतात. कोइमतूरच्या एका भाऊंनी ते ऐकून फोन केला. आई भजनी मंडळात होती म्हणाले, हाच तंबोरा तिने वाजवला असेल का, असं विचारलं. मी आईला विचारून सांगितलं, हो, हाच. पुढच्या तीन वर्षांची देखभाल त्यांनी त्याच दिवशी भरली.

मिरजेच्या कामाला पाचपैकी किती, असं विचाराल तर वाद्यांच्या कामाला पूर्ण पाच, वेळ आणि कागदपत्रांना तीन. कानसीच्या एका फटक्याची चूक झाली तर घोडी वाया जाते, अशा हाताला मी घासाघीस करायला सांगणार नाही. त्यांनी शाळेसाठी म्हणून स्वतःहून पॉलिशचे पैसे कमी केले, आम्ही मागितले नव्हते. तुमच्याकडे पैसे थोडे असतील तर सगळी वाद्यं एकदम नेऊ नका. आधी एक तंबोरा न्या, तो शाळेत वाजू द्या, पालकांना बोलावून ऐकवा. पुढचे पैसे त्यातून येतात.

येत्या मार्चमध्ये आमच्या तबल्याची पुडी आणि डग्ग्याच्या वाद्या (ताणाच्या कातडी पट्ट्या) बदलायला मिरजेला न्यायच्या आहेत. टेम्पो विट्याहून निघेल आणि त्यात जागा भरपूर आहे. खानापूर, कडेगाव, पलूस भागातल्या कुठल्या शाळेची पेटी किंवा तंबोरा न्यायचा असेल, तर फेब्रुवारीच्या आत आमच्या गायनाच्या सरांना सांगा. गवसणी मात्र आपापली आणा, नसेल तर आमच्या बायका कापडाच्या किमतीत शिवून देतील.